चेरोकी ‘ला’: एक अक्षर संगणकात नीट बसवण्याची कृती

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या भाषा-प्रदर्शनासाठी तीस भाषांची नावं त्या-त्या लिपीत फ्लेक्सवर छापायची होती. फाइल मीच तयार केली होती आणि माझ्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. फ्लेक्स आला. तमिळ होती, अरबी होती, जॉर्जियनसुद्धा होती. चेरोकीच्या जागी मात्र तीन रिकामे चौकोन, चाळीच्या खिडक्यांसारखे एका ओळीत. उद्घाटनाला दीड तास उरलेला. फ्लेक्सवाल्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमच्या फाइलीतच अक्षरं नाहीत.”

अक्षरं होती. पण ती आहेत हे त्याला पटवून देण्याइतकं मला तेव्हा कळत नव्हतं. नंतर बसून शिकलो, आणि जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतोय. परकी लिपी पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी हे आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, हेक्स शब्द ऐकून घाबरला नाहीत म्हणजे झालं.

आपण चेरोकीतलं एकच अक्षर धरून शेवटपर्यंत जाऊ: ‘ला’. एक आधीच सांगतो. या लेखात चेरोकी अक्षर एकदाही छापलेलं दिसणार नाही. ते तुम्ही तुमच्या यंत्रावर स्वतः उमटवायचं आहे. नाहीतर नक्कल करून चिकटवाल आणि पुढच्या खेपेला पुन्हा अडाल.

पायरी १: अक्षराची ओळख करून घ्या

चेरोकी हे अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांची मूळ भूमी आग्नेय अमेरिकेत, आजच्या जॉर्जिया, टेनेसी, कॅरोलायना या भागात. १८३८-३९ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना तिथून बळजबरीने पश्चिमेला हाकललं गेलं. आज चेरोकी नेशनची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शासनाची, राजधानी ओक्लाहोमातल्या टालक्वा गावी आहे, आणि मागे राहिलेल्यांचा ईस्टर्न बँड नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ पश्चिम भागात आहे.

लिपी घडवली सेक्वोया या चेरोकी माणसाने. चांदीकाम करणारा हा कारागीर इंग्रजी वाचू शकत नव्हता. गोऱ्या लोकांचे कागद ‘बोलतात’ एवढं त्याने पाहिलं होतं. आधी प्रत्येक शब्दाला एक चिन्ह करून पाहिलं, ते आवाक्याबाहेर गेलं. मग त्याने भाषा कानाने सोडवली आणि बोलण्यातल्या एकेका अवयवाला, म्हणजे ला, ली अशा एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, चिन्ह दिलं. १८२१ च्या सुमारास लिपी पुरी झाली. त्याची लहान मुलगी आयोका ती पहिल्यांदा शिकली. १८२५ मध्ये चेरोकी नेशनने लिपी स्वीकारली, आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटा इथून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र या लिपीत व इंग्रजीत निघालं. त्याचे खिळे बोस्टनमध्ये ओतून आणले होते. मराठीतलं ‘दर्पण’ त्यानंतर चार वर्षांनी, १८३२ मध्ये आलं; तेवढ्यावरून काळाचा अंदाज घ्या.

आपल्या कामाचा मुद्दा पुढे आहे. देवनागरीत ‘ला’ म्हणजे ल आणि त्याला काना. लि, लु, ले, लो करायचं तर ल तोच राहतो, मात्रा बदलते. चेरोकीत असं काही नाही. तिथे ला, ले, ली, लो, लू ही सरळ वेगवेगळी चिन्हं आहेत, आणि त्यांच्यात कुठलंही कौटुंबिक साम्य नाही. ‘ला’ इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं, ‘लू’ इंग्रजी एमसारखं. सहावा स्वर नाकातला आहे, रोमन लिपीत तो व्ही अक्षराने दाखवतात. आपल्या ‘अं’च्या आसपासचा समजा, पण तंतोतंत तो नव्हे. म्हणजे बाराखडीऐवजी सहाखडी, आणि प्रत्येक घर नवीन. अपवाद एकच: ‘स’ला स्वराशिवाय स्वतंत्र चिन्ह आहे.

एकूण चिन्हं ८६ होती. त्यांतलं ‘म’सोबत नाकातल्या स्वराचं एक पुढे वापरातून गेलं, म्हणून बहुतेक तक्त्यांत ८५ दिसतात. जोडाक्षर नाही, रफार नाही, वेलांटी अक्षराच्या आधी येण्याची भानगड नाही. डावीकडून उजवीकडे एकामागून एक. संगणकाच्या दृष्टीने ही लिपी देवनागरीपेक्षा कितीतरी सरळ आहे, हे आपल्याला जरा लागतं, पण खरं आहे.

पायरी २: क्रमांक शोधा

युनिकोड ही जगातल्या लिप्यांची संगणकासाठी केलेली सर्वमान्य यादी; तिच्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. चेरोकी लिपी युनिकोडच्या ३.० आवृत्तीत, १९९९ साली आली. तिला १३ए० पासून १३एफएफ पर्यंतची ९६ घरं राखून दिली आणि त्यांतली पहिली ८५ भरली.

हे हेक्स आकडे आहेत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले. दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांसाठी ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं वापरतात. मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय. कळफलकावर मात्र इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरंच दाबायची.

आता मोजा. तक्त्याची पहिली ओळ सहा स्वरांची, १३ए० ते १३ए५. नंतर ‘ग’ची ओळ; तिच्यात ‘का’ हे एक जादा चिन्ह घुसलेलं, म्हणून सातची, १३ए६ ते १३एसी. मग ‘ह’ची सहा, १३एडी ते १३बी२. आणि त्यापुढचं पहिलं घर आपलं: १३बी३. साध्या दशमान पद्धतीत ५०४३. युनिकोडमधलं त्याचं अधिकृत नाव ‘चेरोकी लेटर ला’.

असं एकदा बोटाने मोजून पाहाच. तक्ता नुसता बघून क्रमांक उचलला की शेजारचं घर हाती येतं, आणि चूक झाली हे लिपी न येणाऱ्याला कधीच कळत नाही.

आपल्या ‘ला’चं काय? ल ०९३२ वर आणि काना ०९३ई वर, म्हणजे दोन क्रमांक. फरक हातानेच बघायचा असेल तर मराठीत ला टाइप करून बॅकस्पेस एकदा दाबा: काना जातो, ल राहतो. चेरोकी ‘ला’वर दाबा: अख्खं अक्षर जातं. क्रमांक मोजणाऱ्या प्रोग्रामला विचाराल तर मराठी ‘ला’ची लांबी तो दोन सांगेल, चेरोकीची एक.

पायरी ३: अक्षर उमटवा

एकदोन अक्षरांसाठी नवा कळफलक बसवायची गरज नाही.

विंडोजवर वर्डमध्ये १३बी३ टाइप करा आणि कर्सर तिथेच ठेवून ऑल्ट व एक्स एकत्र दाबा. आकडा जाऊन अक्षर येईल. लिबरऑफिसमध्येही हेच चालतं. उलटंही होतं: अनोळखी अक्षराच्या मागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो. ही उलटी युक्ती मला सुलटीपेक्षा जास्त उपयोगी पडते, पायरी ७ मध्ये कळेल का.

लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून सोडा, आकडा टाका, एंटर. मॅकवर आधी सेटिंगमधून ‘युनिकोड हेक्स इनपुट’ हा कळफलक जोडावा लागतो. मग ऑप्शन दाबून धरून चार अंक टाकायचे. वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये ॲम्परसँड, हॅश, ५०४३ आणि अर्धविराम, मध्ये जागा न सोडता.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यातल्या सीएचआर या फंक्शनला ५०४३ द्या, अक्षर हजर. गंमत म्हणजे चेरोकी भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेतही सी-एच-आर हाच आहे; वेबपानावर भाषा नोंदवताना हीच तीन अक्षरं लिहायची. दुसरी गंमत आपली: पायथॉनच्या इंट फंक्शनला अवतरणचिन्हांत देवनागरी ५०४३ दिलं तरी ते मुकाट्याने घेतं, कारण युनिकोडच्या लेखी आपले आकडे हे आकडेच आहेत. चेरोकीला मात्र युनिकोडमध्ये स्वतःचे आकडे नाहीत. सेक्वोयाने अंकही तयार केले होते, पण ते स्वीकारले गेले नाहीत. चेरोकी मजकुरात नेहमीचे इंग्रजी अंक येतात.

पानभर मजकूर टाइप करायचा असेल तर कळफलक बसवा. विंडोजमध्ये दोन मिळतात, ‘चेरोकी नेशन’ आणि ‘चेरोकी फोनेटिक’. नवख्याने फोनेटिक घ्यावा. एल आणि ए दाबलं की ‘ला’, आपण मराठी जसं रोमनमधून टाइप करतो तसंच. आयफोनमध्ये २०१० पासून, आयओएस ४.१ पासून चेरोकीची सोय आहे; सेटिंगमध्ये कळफलकांच्या यादीत सापडेल.

सरावाला एक शब्द घ्या: भाषेचं त्यांचं स्वतःचं नाव, ‘त्सालागी’. तीन अक्षरं: त्सा १३ई३, ला १३बी३, गी १३ए९. पहिल्या अक्षराचा उच्चार बोलीप्रमाणे त्सा आणि जा यांच्यामध्ये कुठेतरी फिरतो, लिखाण तेच राहतं. फ्लेक्सवर हाच शब्द होता.

पायरी ४: बाइट एकदा हाताने मोडून पाहा

ही पायरी गाळली तरी अक्षर उमटतं. पण पुढे कधी मजकूर कचरा होऊन समोर आला, तर हीच कामाला येते. पाच मिनिटं लागतात, कागद-पेन्सिल घ्या.

क्रमांक ही कल्पना झाली. फाइलीत प्रत्यक्ष लिहिले जातात ते बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गट (बिट म्हणजे एक ० किंवा १), आणि क्रमांकाचे बाइट करायची आजची सर्वमान्य रीत म्हणजे यूटीएफ-८. १३बी३ चे बिट मांडू, प्रत्येक हेक्स अंकाचे चार:

०००१ ००११ १०११ ००११

हे सोळा बिट आता चार, सहा, सहा असे तोडायचे:

०००१ | ००१११० | ११००११

पहिल्या तुकड्याआधी १११० लावायचं. ‘पुढे आपण एकूण तीन बाइट आहोत’ असा त्याचा अर्थ. उरलेल्या दोन तुकड्यांआधी १० लावायचं, म्हणजे ‘मी मधला आहे, माझ्यापासून वाचायला सुरुवात करू नका’.

१११००००१ १०००१११० १०११००११

पुन्हा हेक्समध्ये: ई१ ८ई बी३. झालं. हेच तीन बाइट त्या फ्लेक्सच्या फाइलीत ठाण मांडून बसले होते.

शेवटचा बाइट बी३ आणि क्रमांकाचा शेवटही बी३ हे बघून ‘शेवटचे दोन अंक तसेच उतरवायचे’ असा नियम करू नका. मी केला होता. त्सा घेऊन पाहा: १३ई३ चे बाइट ई१ ८एफ ए३ येतात. ‘ला’च्या बाबतीत शेवटच्या आठ बिटांची सुरुवात आपसूक १० ने होते, म्हणून तसं दिसतं. गी चे ई१ ८ई ए९, तिथेही हाच योगायोग.

देवनागरीही तीन-तीन बाइटांचीच. ल म्हणजे ई० ए४ बी२, काना म्हणजे ई० ए४ बीई. मराठी ‘ला’ सहा बाइटांचा, चेरोकी ‘ला’ तीन बाइटांचा.

पायरी ५: फॉन्ट

क्रमांक बरोबर, बाइट बरोबर, तरी चौकोन. कारण पडद्यावर किंवा कागदावर जे उमटतं ते फॉन्टमधलं चित्र. त्या फॉन्टमध्ये १३बी३ च्या घरात चित्रच नसेल तर संगणक दुसरा फॉन्ट धुंडाळतो, तोही नसेल तर चौकोन दाखवतो.

मॅकवर २००३ पासून प्लँटॅजेनेट चेरोकी नावाचा फॉन्ट येतो. विंडोज ८ पासून गडूगी आला. त्या शब्दाचा अर्थ एकमेकांच्या मदतीने काम करणं, आपल्याकडे इर्जिक म्हणत तशातलं. फुकट आणि कुठेही चालणारा हवा तर नोटो सान्स चेरोकी उतरवून घ्या. मी आता हाच वापरतो आणि वेबपानासोबत तो पाठवतोही, वाचणाऱ्याच्या यंत्रावर काय आहे याचा भरवसा धरत नाही.

फ्लेक्सवाल्याकडे यांतलं काहीच नव्हतं. माझ्याकडे होतं, म्हणून मला दिसत होतं.

एक जुनी सवय मात्र इथे सोडा. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टवर वाढलेल्या डीटीपीवाल्यांना वाटतं की अक्षर फॉन्टमध्येच असतं: फॉन्ट बदलला की मराठीचं इंग्रजी गचाळ होतं, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात. चेरोकीचेही तसले जुने फॉन्ट होते आणि त्यांत केलेल्या फाइली अजून फिरतात. हाती आलेल्या फाइलीत फॉन्ट बदलताच अक्षरांची इंग्रजी झाली तर ती युनिकोडमध्ये नाही असं समजा, तिच्यावर वेळ घालवू नका, नव्याने टाइप करा. तीन अक्षरांसाठी परिवर्तक शोधत बसणं म्हणजे सुतासाठी गिरणी उघडणं.

पायरी ६: छोटं ‘ला’, आणि माझी अर्धी रात्र

इथे चेरोकी खरोखर विचित्र आहे.

१९९९ मध्ये लिपी युनिकोडमध्ये गेली तेव्हा तिला इंग्रजीसारखी मोठी-छोटी लिपी नाही असं धरलं होतं. पण जुन्या छपाईत आणि हस्तलिखितांत काही अक्षरं मोठी काढायची रीत सापडते. छोटं अक्षर म्हणजे वेगळा आकार नाही, मोठ्याचीच लहान मापाची आवृत्ती. मायकेल एव्हर्सन आणि चेरोकी भाषातज्ज्ञ डर्बिन फीलिंग यांनी तसा प्रस्ताव दिला आणि २०१५ च्या ८.० आवृत्तीत छोटी अक्षरं आली. सोबत ते वापरातून गेलेलं ८६ वं चिन्हही आलं.

प्रश्न जागेचा होता. जुन्या ९६ घरांत ८६ छोटी कुठून मावणार? त्यामुळे सहा तिथल्याच रिकाम्या घरांत बसवली आणि उरलेली ८० पार दूर, एबी७० पासून पुढे. छोटं ‘ला’ एबी८३ वर आहे, दशमान ४३९०७. पहिल्या ८० अक्षरांसाठी मोठ्याच्या दशमान क्रमांकात ३८८६४ मिळवले की छोटं मिळतं. शेवटच्या सहांसाठी नुसते ८.

आता माझी रात्र. एका छोट्या शब्दसंग्रहासाठी शोधपेटी लिहीत होतो. इंग्रजीत करतो तीच सवय: शोधायच्या आधी सगळं छोट्या लिपीत बदलून घ्यायचं, म्हणजे तुलना सोपी. चेरोकी शब्द टाकला की पेटीत चौकोन येत आणि निकाल शून्य. फॉन्ट तपासला, बाइट तपासले, चहा केला, पुन्हा फॉन्ट तपासला. रात्री एक वाजता क्रमांक छापून पाहिला, तर तो १३बी३ नव्हताच, एबी८३ होता. माझ्याच प्रोग्रामने ‘ला’ छोटं करून टाकलं होतं. शब्दसंग्रह जुना, सगळा मोठ्या अक्षरांत. आणि तेव्हाचा माझा फॉन्टही जुना, त्यात छोटी अक्षरं नव्हती. म्हणून सापडतही नव्हतं आणि दिसतही नव्हतं.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. मोठ्या-छोट्याचा भेद मिटवून तुलना करायची अधिकृत पद्धत इतर लिप्यांत सगळं छोट्याकडे नेते. चेरोकीत मोठ्याकडे नेते. कारण १९९९ पासूनची मोठी अक्षरं या तुलनेत ‘जशीच्या तशी’ राहतात असं ठरून गेलेलं होतं, आणि युनिकोड असे ठराव मागाहून बदलत नाही. पायथॉनमध्ये लोअर वापरलंत तर एबी८३ मिळेल, केसफोल्ड वापरलंत तर १३बी३. केसफोल्ड वापरा. वेबपानाच्या सजावटीत ‘सगळं छोट्या लिपीत दाखव’ असा नियम कुठे लिहिला असेल तर चेरोकी मजकुरापुरता तो काढा.

आणि टाइप कोणतं करायचं? मोठं. आजचा बहुतेक चेरोकी मजकूर मोठ्या अक्षरांच्या क्रमांकांवरच आहे. युनिकोडच्या यादीत मोठी आधी आली, म्हणून मोठ्याचं नाव नुसतं ‘लेटर ला’ आणि छोट्याचं ‘स्मॉल लेटर ला’. दिलेली नावंही युनिकोड बदलत नाही.

पायरी ७: सारख्या दिसणाऱ्यांपासून सावध

सेक्वोयाने इंग्रजी छपाई पाहिली होती पण वाचता येत नव्हती, त्यामुळे काही आकार तिथून आले, उच्चार मात्र त्याचे स्वतःचे. इंग्रजी डीसारखं दिसतं ते ‘आ’, आरसारखं ते ‘ए’, टीसारखं ‘ई’, एचसारखं ‘मी’, झेडसारखं ‘नो’, एसारखं ‘गो’. आणि डब्ल्यूसारखं आपलं ‘ला’.

यातून दोन चुका होतात. पहिली, घाईत सरळ इंग्रजी डब्ल्यू दाबून मोकळं होणं. कागदावर खपून जातं. पण ते ‘ला’ नव्हे. शोधलं तर सापडणार नाही, आणि अंधांसाठी वाचून दाखवणारा प्रोग्राम त्याला ‘डब्ल्यू’च म्हणेल.

दुसरी चूक जास्त फसवी. चेरोकीतच डब्ल्यूसारखी दोन अक्षरं आहेत. एक ‘ला’, १३बी३. दुसरं ‘ता’, १३डी४. शेजारी ठेवली तर फरक दिसतो, लहान मापात डोळा चुकतो. एका तक्त्यातून नक्कल करून मी ‘त्सातागी’ लिहून बसलो होतो आणि तीन दिवस ते कुणालाच कळलं नाही, कारण आमच्यात वाचणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून नियम: चिकटवलेल्या प्रत्येक अक्षरामागे कर्सर नेऊन ऑल्ट-एक्स. तीन अक्षरं, तीन क्रमांक, वहीतल्या क्रमांकांशी जुळवून घेतो. शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे का हे मात्र क्रमांक सांगत नाहीत. त्यासाठी चेरोकी नेशनच्या भाषा विभागाने ऑनलाइन ठेवलेली शब्दसूची बघा, समाजमाध्यमांवरची टॅटूची चित्रं नव्हे.

पायरी ८: बिघडलं तर आधी रोग ओळखा

तीन प्रकार, आणि तिघांवर उपचार वेगळे.

रिकामा चौकोन: अक्षर शाबूत आहे, फॉन्ट नाही. फाइलीला हात लावू नका. ते चौकोन नक्कल करून फॉन्ट असलेल्या दुसऱ्या यंत्रावर चिकटवा, तिथे अक्षरं उभी राहतील. नवखा माणूस इथेच घाबरून चौकोन खोडतो आणि चांगला मजकूर घालवतो.

ओळखू न येणारा लॅटिन कचरा: ‘ला’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, डोक्यावर टोपी उलटी घातलेला झेड, आणि वर चढवलेला बारीक ३ असं त्रिकूट दिसलं, तर हे आपलेच ई१ ८ई बी३. कुणीतरी ते एक अक्षर न मानता तीन सुटे बाइट मानून जुन्या विंडोज पद्धतीने वाचलेत. मराठीवाल्यांनी याचा भाऊ पाहिलेला असतो: एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की सगळीकडे उलट्या तिरक्या रेघेचा ए आणि चलनाचं चिन्ह. औषध एकच. फाइल बंद करा, जतन अजिबात करू नका. एक्सेलमध्ये डेटा मेनूतून मजकुराची फाइल आयात करा आणि ‘फाइल ओरिजिन’च्या यादीत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा.

प्रश्नचिन्हं: तीन अक्षरांच्या जागी तीन साधी प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला. वाटेतल्या कुठल्यातरी डेटाबेसने किंवा प्रोग्रामने ‘हे मला ठेवता येत नाही’ म्हणून खरोखर प्रश्नचिन्हच लिहून ठेवलं. फॉन्ट बदलून ते परत येणार नाही. डेटाबेसचा तक्ता यूटीएफ-८ मध्ये बदला आणि मजकूर मूळ प्रतीवरून पुन्हा भरा.

त्या दिवशी फ्लेक्सवाल्याला मला एवढंच सांगता यायला हवं होतं: दादा, चौकोन आहेत, प्रश्नचिन्हं नाहीत, म्हणजे फाइल बरी आहे.

पायरी ९: छपाईला देताना

छापखान्यात फॉन्ट असेल असं कधीच धरू नका. पीडीएफ करताना फॉन्ट आत बांधून द्या. फ्लेक्सचं काम कोरलमध्ये होत असेल तर अक्षरं निवडून कर्व्ह करून द्या. मग ती चित्रं होतात आणि कुठल्याही यंत्रावर तशीच राहतात. कर्व्ह करण्याआधीची फाइल मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवा. चित्र झालेल्या ‘ला’ला क्रमांक नसतो, ते शोधता येत नाही आणि ऑल्ट-एक्सला ओही देत नाही.

आम्ही शेवटी हेच केलं. तीन अक्षरं कर्व्ह करून व्हॉट्सॲपवर पाठवली, त्याने वीतभर पट्टी छापून रिक्षाने धाडली आणि ती आम्ही चौकोनांवर चिकटवली. एक कोपरा थोडा उचलला गेला होता, पण पाहुणे यायच्या आत काम झालं. दुपारी पहिल्या वर्षाची दोन मुलं समोर उभी राहून वाचत होती. त्सा हे सीच्या वळणाचं, ला डब्ल्यूसारखं, गी वायसारखं.

“सर, ही सी-डब्ल्यू-वाय कुठली भाषा?”